नौपाड्यातली इतिहासाची शिकवणी: तह आधी की किल्ला आधी?

माझी मुलगी बारावी कला शाखेत आहे. इतिहासाला शिकवणी कशाला, असं घरात सगळ्यांनीच विचारलं. अकरावीला एका मोठ्या क्लासला घातलं होतं. तिथल्या झेरॉक्स नोट्स पाठ करून मार्क बरे पडले, पण ‘का झालं?’ म्हटलं की ती गप्प.

यंदा जूनपासून ती ठाण्याच्या नौपाड्यात एका निवृत्त बाईंकडे जाते. घरच्या हॉलमध्ये सतरंजीवर सात मुलं, शनिवार-रविवार सकाळी दोन तास, महिना पंधराशे रुपये.

‘वसाहतवाद आणि मराठे’ हा धडा चालू असताना बाई मुलांना घेऊन ठाण्याच्या कारागृहाबाहेर गेल्या. हाच आपला जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. तिथे त्यांनी विचारलं, पेशवेपदासाठी भांडणाऱ्या रघुनाथरावांनी साष्टी, म्हणजे ठाणे ज्यात येतं ते बेट, इंग्रजांना देऊ केलं तो सुरतेचा तह मार्च 1775 चा, मग इंग्रजांनी हा किल्ला डिसेंबर 1774 मध्येच कसा घेतला?

लेकीने घरी येऊन तोच प्रश्न मला घातला. मी लहानपणापासून ठाण्यात, या भिंतीवरून शेकडो वेळा गेले असेन, मला काही सांगता येईना. दोन दिवस वाचून तिनेच जेवताना उलगडून सांगितलं: मुंबईला लागून असलेली साष्टी इंग्रजांना कधीची हवी होती, पेशव्यांच्या घरात भांडण लागलेलं, त्यात गोव्याहून पोर्तुगीज आरमार येतंय अशी खबर. त्यांनी आधी किल्ला घेतला, कागद मागाहून झाला. 1782 च्या सालबाईच्या तहात मराठ्यांना इंग्रजांकडून वसई परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. मला फार बरं वाटलं.

‘तुमचे मत नोंदवा’ या प्रश्नाची तयारी तर उत्तमच. उत्तरात नुसतं मत दिसलं की बाई समासात लाल पेनाने लिहितात, ‘कशावरून?’

उणं म्हणाल तर वेळापत्रक. मराठ्यांवर बाई रमतात आणि शीतयुद्धापर्यंत पोचायला उशीर होतो. संकल्पनाचित्रांचा सराव आम्ही घरी करून घेतो. तपासलेले पेपरही कधी तीन आठवड्यांनी मिळतात. हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं.

नाव घालायचं असेल तर मे महिन्यातच जाऊन भेटा. जाताना मुलाची जुनी उत्तरपत्रिका न्या, बाई आधी तीच वाचायला मागतात.