मोगोल्लार की ओरिएंटल विंड?

जुनी तुर्की लोकगीतं नव्या ढंगात वाजवणारा अल्तिन ग्युन हा बँड ऐकून ज्यांना आणखी मागे जावंसं वाटतंय, त्यांच्यापुढे साधारण दोन वाटा येतात. रॉककडची इस्तंबूलच्या मोगोल्लार या बँडची, आणि जॅझकडची तुर्की तालवादक ओकाय तेमिझच्या ओरिएंटल विंड या बँडची. मी दोन्ही मनापासून ऐकत आलोय.

मोगोल्लार 1967 चे. ‘आनादोलू पॉप’, म्हणजे तुर्की लोकसंगीत आणि रॉक यांचा मेळ, हे नाव रुजलं ते त्यांच्यामुळे. फ्रान्समध्ये निघालेल्या त्यांच्या तबकडीला 1971 साली शार्ल क्रो अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ती आजही जुनी वाटत नाही. चाली आटोपशीर, ठेका लगेच अंगात भिनणारा. जाहित बेरकाय तर गिटार आणि साझ (लांब मानेचं तुर्की तंतुवाद्य) दोन्ही तितक्याच हक्काने वाजवतो. पहिल्या फेरीत हेच जास्त आवडतील, यात मला शंका नाही.

मला अडलं ते त्यांच्यातल्या मुरात सेसच्या ऑर्गनपाशी. माणूस मोठा कल्पक, पण वाद्याचा इलाज नाही. तुर्की पद्धतीत एका पूर्ण स्वराच्या अंतराचे 9 बारीक भाग, म्हणजे कोमा, धरतात. उश्शाक मकामातला (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी स्वररचना) दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधे कुठेतरी बसतो. साझवर त्यासाठी वेगळा पडदा बांधलेला असतो. ऑर्गनवर तशी पट्टीच नाही. म्हणजे चाल ऑर्गनवर आली की तो स्वर एक तर चढतो, नाही तर उतरतो. पेटी आणि श्रुतींचा वाद ऐकत वाढलेल्या कानाला हे एकदा टोचलं की टोचतच राहतं. निदान माझ्या कानाला तरी.

ओरिएंटल विंड 1974 साली स्वीडनमध्ये उभा राहिला. तेमिझ त्याआधी अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डॉन चेरीबरोबर वाजवत होता, आणि तांब्याचे ड्रम स्वतः ठोकून घडवायचा. पियानो इथेही आहे, नाही असं नाही. पण चालीचा भार बराचसा फुंकवाद्यांवर असतो. हाजी तेकबिलेक नेय (बासरीसारखं) किंवा झुर्ना (सनईसारखं) घेतो, तेव्हा तो मधला स्वर अचूक लागतो. लेनार्ट ओबेर्गचा सॅक्सोफोनही त्याच्या मागोमाग ओठांनी सूर किंचित दाबत जातो. खाली 2-2-2-3 अशा 9 मात्रा लंगडत चाललेल्या. हे सगळं एकत्र जुळतं तिथे मी दरवेळी तोच भाग पुन्हा लावतो.

उणं म्हणायचं तर आलाप-विस्तार लांबतात, आणि मूळ लोकगीत बराच वेळ दिसेनासं होतं. ज्यांना धून गुणगुणायला हवी असते, ते कंटाळतील. गाडीत, चार जणांत लावायला मोगोल्लारच बरे. पण शास्त्रीय संगीताची थोडी जरी सवय असेल आणि एकट्याने, हेडफोन लावून ऐकणार असाल, तर माझं ऐका, तेमिझपासून सुरुवात करा. मोगोल्लार नंतर ऐकलेत तरी चालतील.