हाली रुपयाला ‘निर्यात दाखला’ काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

एकूण ३०,९९८ रुपये गेले. चार वेळा, सहा दिवसांत, यूपीआयवरून. हैदराबादच्या निजामाची चांदीची हाली नाणी विकायला निघालो आणि फसलो. नाणी माझ्याकडेच आहेत, तेवीसच्या तेवीस, आणि ती पेटी उघडली की अजून अंगाचा तिळपापड होतो.

ट्रॅक्टरवाली पाचची नोट, वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ नंबरची नोट देऊन लाखो मिळवा, हे सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलंय. ती पाचची नोट आजही चलनात आहे आणि तिचे पाचच रुपये येतात. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, म्हणजे ‘राइस पुलर’, ही थापही सगळ्यांना ठाऊक आहे. रामदरबाराची छाप आणि १६१६ किंवा १८१८ साल असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे आणे बाजारात फिरतात. कंपनीने असले आणे कधी पाडलेच नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. पण माझ्याकडे आलेला माणूस ट्रॅक्टरची नोट घेऊन आला नाही. त्याने विचारलं, “हाली आहेत का? कमानीत ऐन आहे की मीम?”

मराठवाड्यात हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याच्यावर विश्वास बसतो. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार; सात हालींचे साधारण सहा कलदार. ऐन आणि मीम ही उर्दू अक्षरं. नाण्यावरच्या चारमिनारच्या कमानीत मीम असेल तर नाणं सहाव्या निजामाचं, महबूब अली खानाचं; ऐन असेल तर सातव्याचं, उस्मान अली खानाचं. वजन ११.१७८ ग्रॅम, चांदी ८१.८ टक्के, म्हणजे एका रुपयात ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी. कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४८ नंतरही हाली चालत राहिला, १९५९ मध्ये बंद झाला. एवढं बोलणारा माणूस चोर असेल असं मनात आलं नाही. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

मी नाण्यामागे २,२०० सांगितले होते. तो ३,२०० वर तयार झाला. तेवीस नाण्यांचे ७३,६००. खरा संग्राहक भाव वाढवून देत नाही, पाडून मागतो. तो दोन्ही बाजूंचे फोटो मागतो, कडेचा फोटो मागतो, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावरचं वजन मागतो, हिजरी सनाबरोबर गादीवर आल्यापासूनचं वर्षही विचारतो. याने फक्त पुढची-मागची बाजू मागितली. कड नाही, वजन नाही. ओतीव नकली नाण्याचा जोड कडेवरच दिसतो. ज्याला कड बघायची नाही त्याला नाणं घ्यायचंच नसतं.

पैसे असे गेले. पहिले १,८५० ‘विक्रेता नोंदणी’चे. दुसरे ६,४०० दाखल्याचे. तिसरे १३,२४८ जीएसटीचे, ७३,६०० वर बरोबर १८ टक्के. चौथे ९,५०० विम्याचे, ‘माल पोचला की परत’. पाचव्या वेळी २२,००० टीडीएस मागितला तेव्हा मी थांबलो. ज्याने पैसे द्यायचे तो आधी आपल्याकडून मागतो, हे पहिल्या १,८५० लाच कळायला हवं होतं. रक्कम छोटी होती म्हणून दिली. छोटी असते ती देता यावी म्हणूनच.

पण माझी खरी चूक दुसऱ्या हप्त्यात झाली, आणि ती मला आजही झोपू देत नाही. त्याने सांगितलं की घेणारं दुबईतलं संग्रहालय आहे, म्हणून पुरातत्त्व विभागाचा ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला लागेल. असा दाखला असतो, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी फसलो. ज्याला माहीतच नाही त्याने शंका घेतली असती. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. माझ्या नाण्यांवर सन १३३०. हिजरी सनाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे, आलं १९१२. हा हिशेब मी शेकडो वेळा केलाय. शंभर वर्षं उलटलेल्या नाण्याला ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला कोण देणार? नाणं हातात, सन डोळ्यांसमोर, आणि मी ६,४०० पाठवले. त्याने शिक्क्याचं पत्र पाठवलं होतं, त्यावर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. पुरातत्त्वाच्या दाखल्यावर बँकेचं चिन्ह कशाला, हेही मी विचारलं नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, कुठलंही शुल्क घेत नाही, कोणाला आमच्या नावाने घेऊही दिलेलं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. चारही वेळा चार वेगवेगळ्या माणसांची नावं होती, कुठल्या कंपनीचं एकदाही नाही.

आता पुढचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, चाळीस मिनिटांनी लागला. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार झाली, क्रमांक मिळाला. ठाण्यात गेलो तर म्हणाले हे सायबरचं, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहिलेलं आहे. मी कलम सांगितलं, तर मलाच विचारलं, “नाणी आली कुठून? गुप्तधन सापडलं का?” १८७८ च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं धन कळवावं लागतं, मान्य. पण ही नाणी घरातल्या पेटीतली, आजीच्या पुतळीमाळेबरोबर ठेवलेली. तीन तास माझीच चौकशी झाली, चोराचा फोन नंबर कोणी लिहूनही घेतला नाही. बँकेत गेलो तर उत्तर एकच: पिन तुम्हीच टाकला, म्हणजे तुमची संमती. संमती कशाला होती? खोट्या पत्राला? चार खात्यांपैकी एकात २,३०० रुपये गोठवलेत, ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. २,३०० साठी वकील लावायचा? फोन नंबर आजही चालू आहे. मी परवा लावून पाहिला, वाजला.

पैसे गेले असतील तर ठाण्याच्या आधी १९३० लावा आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. गप्पांचे स्क्रीनशॉट ताबडतोब काढा; माझ्या बाबतीत अर्धे संदेश त्याने ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केले. नाण्याचा फोटो पाठवायचाच असेल तर शेजारी आपलं नाव आणि तारखेची चिठ्ठी ठेवा.

मी चिठ्ठी ठेवली नव्हती. आता माझेच फोटो दुसऱ्या नावाने विक्रीला लागलेत, नाण्यामागे १,१०० रुपये, आगाऊ भरणा. सन १३३०, डाव्या मिनारावर आडवा ओरखडा. ते नाणं कोणी विकायला दाखवलं तर पैसे पाठवू नका. ते त्याच्याकडे नाही, माझ्या पेटीत आहे.