व्हर्च्युअलडबने कॅसेट कॅप्चर: दिसायला जुनाट, पण आवाज जागेवर आला

बहीण स्टेजवरून निघून गेली तरी तिची कविता चालूच. जुन्या व्हिडिओ कॅसेटची पहिली डीव्हीडी घरी लावली तेव्हा हे झालं, ती त्यात सात वर्षांची आहे, कविता म्हणते, वाकते, पळत पडद्यामागे जाते आणि मग रिकाम्या स्टेजवरून शेवटचे दोन शब्द ऐकू येतात. सगळे पोट धरून हसले, मी सोडून, कारण ती कॅसेट कॅप्चर करून (म्हणजे कंप्युटरवर उतरवून), डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलून, डिस्क बर्न करेपर्यंत माझा अख्खा रविवार गेला होता.

तेव्हा मी वापरत होतो एक साधी यूएसबी कॅप्चर स्टिक (व्हीसीआरचं चित्र आणि आवाज कंप्युटरमध्ये घेणारी, कंपनीचं नाव घेत नाही, तशा स्टिका ढिगाने मिळतात) आणि तिच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर. मोठं लाल बटण, दाबलं की रेकॉर्ड, बाकी काही विचारत नाही. सुरुवातीची दहा मिनिटं एकदम बरोबर, अर्ध्या तासाने काहीतरी खटकायला लागतं पण नक्की काय ते कळत नाही, आणि दीड तासाच्या शेवटी आवाज दोन सेकंद मागे. वरातीमागून घोडं. आधी वाटलं व्हीसीआर गेला, मग वाटलं कॅसेटच तशी आहे, पण कॅसेट व्हीसीआरवरून थेट टीव्हीला लावली तर सगळं चोख. आणि ते तसंच असणार, कॅसेटवर चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर असतात, पट्टी पुढे सरकली की दोघं बरोबरच सरकतात, आवाज एकटा मागे पडायला जागाच नाही. म्हणजे हे दुखणं कंप्युटरमध्ये शिरल्यावर सुरू होतं. हे डोक्यात शिरायला मला दोन आठवडे लागले आणि तेवढ्यात मी सतरा प्रकारे तीच फाइल दुरुस्त करत बसलो होतो.

मग व्हर्च्युअलडब वापरून बघितलं. एव्हरी ली नावाच्या माणसाने लिहिलेला, व्हिडिओ कॅप्चर आणि एडिट करायचा फुकट प्रोग्रॅम आहे, फक्त विंडोजवर चालतो, मूळ प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती २०१३ ची (१.१०.४), त्यावरून पुढे व्हर्च्युअलडब२ निघालं. दिसायला अगदी आजोबांच्या काळातलं, राखाडी खिडकी, मेन्यूत मेन्यू, कॅप्चर मोड कुठे आहे तेच आधी सापडत नाही (फाइल मेन्यूत आहे, सांगून ठेवतो). पण कॅप्चर सुरू केलं की उजव्या बाजूला आकडे धावायला लागतात आणि त्यातले दोन आकडे म्हणजे माझ्या मते या प्रोग्रॅमची खरी किंमत: किती फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) ड्रॉप झाल्या म्हणजे गळल्या आणि किती इन्सर्ट केल्या म्हणजे मध्ये घातल्या. त्या लाल बटणवाल्याने हे मला कधी सांगितलंच नव्हतं, तो गुपचूप फ्रेमा गिळत होता.

हिशोब बघा. पालमध्ये (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दीड तासात होतात १ लाख ३५ हजार फ्रेम. त्यातल्या फक्त ५० गळल्या तरी चित्र दोन सेकंदांनी आखूड होतं, आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो, मग आवाज मागे पडल्यासारखा वाटतो. खरं तर आवाज जागेवरच आहे, चित्र पुढे पळालंय. आणि जुन्या कॅसेटवर ५० फ्रेम गळणं काहीच नाही, पट्टी ताणलेली असते, सिग्नल थरथरतो, मध्येच कोणीतरी रेकॉर्डिंग थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे सुरू केलेलं असतं, त्या जोडावर स्टिकला क्षणभर काही समजत नाही आणि ती फ्रेम सोडून देते. व्हर्च्युअलडबच्या टायमिंग सेटिंगमध्ये एक टिक आहे, दोन फ्रेममध्ये फार अंतर पडलं तर मध्ये फ्रेम घाल, ती चालू ठेवायची, मग तो आधीचीच फ्रेम पुन्हा टाकून जागा भरतो. एखादी फ्रेम डबल झालेली डोळ्याला कळतसुद्धा नाही. माझ्या त्याच कॅसेटवर पहिल्या झटक्यात ३ ड्रॉप आणि ६१ इन्सर्ट असा आकडा आला आणि शेवटपर्यंत आवाज ओठांवर. मी तीनदा मागे जाऊन बघितलं, विश्वासच बसेना.

आता यात एक गोम आहे. आवाज सरकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि लोक (मी पण) सगळ्यांना एकच औषध देतात. पहिल्या मिनिटाला जेवढा फरक तेवढाच शेवटच्या मिनिटाला असेल तर तो नुसता ऑफसेट, व्हर्च्युअलडबमध्ये ऑडिओच्या इंटरलीव्हिंगमध्ये मिलिसेकंदांचा आकडा टाकला की संपलं, पाच मिनिटांचं काम. फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढत असेल, म्हणजे एका जोडापर्यंत ठीक आणि तिथून अचानक अर्धा सेकंद, तर फ्रेम गळतायत. आणि हळूहळू एकसारखा वाढत असेल तर घड्याळांचं भांडण असण्याची शक्यता जास्त. चित्र यूएसबी स्टिकमधून आणि आवाज कंप्युटरच्या लाइन इनमधून घेतला तर दोघांची घड्याळं वेगळी, आणि साउंड कार्ड सेकंदाला ४८,००० ऐवजी प्रत्यक्षात ४८,००५ सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेत असेल तर तासाला १८,००० सॅम्पल जास्तीची, म्हणजे जवळपास ०.३७ सेकंद. म्हणून आवाज पण स्टिकमधूनच घ्या, स्टिकवर लाल पांढऱ्या पिना असतातच. ते शक्य नसेल तर व्हर्च्युअलडबला चालू कॅप्चरमध्येच आवाज रिसॅम्पल करून चित्राशी जुळवायला सांगता येतं, ते पण त्याच टायमिंगच्या खिडकीत आहे.

इथे मी एक मोठी चूक केली ती सांगतो. व्हिडिओ मेन्यूत फ्रेम रेटच्या खिडकीत एक पर्याय आहे, चित्र आणि आवाजाची लांबी सारखी होईल असा फ्रेम रेट ठेव. जादू वाटली. क्लिक केलं, फ्रेम रेट झाला चोवीस पॉइंट नऊशे काहीतरी, कंप्युटरवर झकास चालला. पण डीव्हीडीला पालमध्ये बरोबर २५ च लागतात, त्यात तडजोड नाही, त्यामुळे डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत २५ ला आणताना स्वतःच्या मनाने फ्रेमा कापल्या घातल्या आणि मी पुन्हा शून्यावर. डिस्क करायची असेल तर चित्राला हात लावू नका, आवाज ताणा नाहीतर दाबा. ऑडॅसिटीमध्ये (आवाज एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर) चेंज टेम्पो म्हणून इफेक्ट आहे, त्यात हवी ती लांबी लिहिता येते, सूर बदलत नाही. अर्धा सेकंद दीड तासावर पसरला तर ०.०१ टक्काही होत नाही, कानाला काय कळणार. पण हे फक्त हळूहळू सरकणाऱ्या प्रकाराला चालतं, फ्रेम गळलेल्या फाइलला हे केलंत तर शेवट जुळेल आणि मधलं सगळं बिघडेल, मी केलंय.

आवाज साधा अनकॉम्प्रेस्ड पीसीएम ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, कारण डीव्हीडीला ४८ च लागतो. जागा वाचवायला एव्हीआयमध्ये व्हेरिएबल बिटरेटचा एमपीथ्री घालाल तर सिंकचं नवीन लफडं विकत घ्याल. चित्राला हफवाययूव्ही किंवा लॅगॅरिथ (दर्जा न घालवता फाइल लहान करणारे कोडेक), तासाला ३० जीबीच्या आसपास जातात, डिस्क झाल्यावर उडवा. कॅप्चर करताना हेडफोनवर आवाज ऐकायचा मोह होतो, तो व्हर्च्युअलडबमधला ऑडिओ प्लेबॅक बंद ठेवा, माझ्याकडे तो चालू केला की ड्रॉपचा आकडा लगेच हलायला लागायचा. स्टिक हबमध्ये नको, थेट पोर्टात.

पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एक कॅसेट इतकी थरथरायची की व्हर्च्युअलडब बिचारा सेकंदाला दोन तीन फ्रेम घालत होता, सिंक राहिला पण चित्र अडखळत चालायला लागलं. अशा वेळी खरा उपाय व्हीसीआर आणि स्टिकच्या मध्ये टाइम बेस करेक्टर (थरथरणाऱ्या सिग्नलचं टायमिंग नीट करणारं यंत्र), आणि तो नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर. कॅसेटवाल्यांमध्ये पॅनासोनिकच्या डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ ची नावं यासाठीच घेतली जातात, रेकॉर्ड काहीच करायचं नाही, सिग्नल त्यातून नुसता जाऊ द्यायचा, आत चित्र क्षणभर साठवून तो नीट टायमिंगने बाहेर सोडतो. मी एक ईएस१५ मिळवला आणि त्याच कॅसेटवर इन्सर्टचा आकडा हजारांवरून ४ वर आला. बाहेर येणारं चित्र थोडं गुळगुळीत होतं, बारीक दाणे कमी दिसतात, मला चालतं, ज्यांना नाही चालत ते नाक मुरडतात. फक्त आवाज पण रेकॉर्डरमधूनच फिरवा, चित्र आत थांबून येणार आणि आवाज सरळ आला तर परत पुढेमागे.

तपासायचं कसं हा पण प्रश्नच. टाळी, दार आपटणं वगैरे सापडलं तर उत्तम, नाहीतर बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दिसतो तिथे प, ब, म शोधा, हे म्हणताना ओठ मिटावेच लागतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये विंडोजवर जे आणि के दाबलं की आवाज ५० मिलिसेकंदांनी सरकतो, त्यावरून किती फरक आहे ते पटकन कळतं, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मोजा. आवाज थोडा मागे असेल तर आपण खपवून घेतो, वीज आधी आणि गडगडाट नंतर याची सवय आहेच, पण आवाज पुढे आला की लगेच बोचतो. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) शिफारशीत पण तेच आहे, आवाज ४५ मिलिसेकंद पुढे असला की माणसाला कळायला लागतं, मागे असेल तर १२५ पर्यंत कळत नाही. म्हणून शंका असेल तर थोडा मागे ठेवा. आणि हे कंप्युटरवर तपासा, टीव्हीवर नको, नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतात आणि आवाज दुसऱ्या स्पीकरला जात असेल तर चांगली डिस्कसुद्धा बिघडलेली वाटते. मी या नादात दोन चांगल्या डिस्का फेकल्या.

व्हर्च्युअलडबला पाचपैकी चार. एक कापला कारण नवख्या माणसाला ते हाकलूनच लावतं, आणि डीव्हीडीसाठी लागणारा एमपेग-२ व्हिडिओ ते स्वतः बनवत नाही, पुढचं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरने करावं लागतं (मी डीव्हीडीस्टायलर वापरतो, तेही फुकट). एखाद दुसरीच कॅसेट असेल आणि ती चांगल्या अवस्थेत असेल तर स्टिकबरोबरच्या सॉफ्टवेअरने वीस वीस मिनिटांचे तुकडे करून पण भागेल, तेवढ्या वेळात फरक वाढायला वावच कमी.

माझ्या अकरापैकी दहा झाल्या. अकराव्या कॅसेटच्या पट्टीवर पांढरी बुरशी दिसतेय, ती साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालणार नाही, हेडला लागली की पुढची प्रत्येक कॅसेट खराब दिसते.