पॅकेज गेले, फिल्टर राहिले: एका अनइन्स्टॉलरचे परीक्षण

सुरक्षा-पॅकेजची परीक्षणे बहुधा ते संगणकावर बसवल्यानंतर लिहिली जातात आणि त्यांत किती व्हायरस पकडले गेले, संगणक किती मंदावला, सूचनांनी किती पिडले याचा हिशेब असतो. हे परीक्षण मी पॅकेज काढून टाकल्यानंतर लिहीत आहे आणि ते मुख्यतः त्याच्या अनइन्स्टॉलरचे, म्हणजे पॅकेज काढून टाकणाऱ्या प्रोग्रामचे, आहे. चार वर्षे वापरलेल्या त्या पॅकेजबद्दल, ते संगणकावर होते तोवर, माझी फारशी तक्रार नव्हती. वर्गणीची मुदत संपत आली, विंडोजमध्ये अंगभूत असलेला डिफेंडर माझ्या गरजेला पुरेसा आहे असे वाटले, म्हणून सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून ते रीतसर काढले. शेवटच्या खिडकीत ‘यशस्वीरीत्या काढले’ असा संदेश आला आणि त्याखाली, आपण आम्हाला का सोडून जात आहात, अशी प्रश्नावली आली. तेव्हा ती कोरीच सोडली होती. आज ती पुन्हा आली तर उत्तरासाठी दिलेली जागा पुरणार नाही.

संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा इंटरनेट व्यवस्थित चालू होते, मेल येत होते, त्यामुळे सारे आलबेल आहे असा समज झाला. संध्याकाळी टीव्हीवर घरचे जुने व्हिडिओ लावायला गेलो तेव्हा टीव्हीला मीडिया सर्व्हर, म्हणजे संगणकावरून व्हिडिओ पुरवणारी सेवा, सापडेना. फोनवरून जेलीफिन हा मीडिया सर्व्हरचा प्रोग्राम उघडेना. लॅपटॉपवर ‘नेटवर्क’ उघडले तर त्यात हा संगणकच नव्हता. एकाच संगणकावरची गाणी, छायाचित्रे आणि चित्रफिती घरात तीन वाटांनी पोहोचत होत्या: टीव्हीला विंडोजच्या मीडिया स्ट्रीमिंगमधून, म्हणजे डीएलएनए या घरातल्या उपकरणांनी एकमेकांना गाणी-चित्रफिती पाठवण्याच्या पद्धतीने, फोनला जेलीफिनमधून, आणि लॅपटॉपला सामायिक फोल्डरमधून. तिन्ही वाटा एकाच दिवशी बंद झाल्या, म्हणून कारणही एकच असणार असे मी धरून चाललो, आणि माझा निम्मा वेळ याच गृहीतकाने खाल्ला. कारणे तीन होती.

प्रथम राउटर दोनदा बंद-चालू केला, टीव्हीचे नेटवर्क सेटिंग पुसून नव्याने भरले. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होते, कारण टीव्ही आणि फोन परस्परांना दिसत होते. फक्त हा एक संगणक कोणालाच दिसत नव्हता. लॅपटॉपवरून त्याला पिंग केले, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक मारली, तर उत्तर नाही. पण पिंगच्या मौनावरून फारसा निष्कर्ष काढता येत नाही, कारण नेटवर्कचे प्रोफाइल ‘पब्लिक’, म्हणजे अनोळखी सार्वजनिक जागेचे, असेल तर विंडोजची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणारी पहारेकरी, बाहेरून आलेल्या पिंगला मुळातच दाद देत नाही. त्याच मौनाने मला योग्य पानावर मात्र नेले. सेटिंग्जमध्ये घरच्या नेटवर्कचे प्रोफाइल खरोखरच ‘पब्लिक’ होते.

ते पॅकेज काढल्यामुळे तसे झाले असेल असे मला वाटत नाही. ते बहुधा चार वर्षे तसेच होते. सुरक्षा-पॅकेज बसते तेव्हा ते स्वतःची फायरवॉल विंडोजकडे नोंदवते आणि विंडोजची फायरवॉल मागे सरते. घरचे नेटवर्क विश्वासाचे आहे हे मी त्या पॅकेजला सांगितले होते, विंडोजला कधीच सांगितले नव्हते, आणि तोवर विंडोजच्या मताला काही किंमत नव्हती. पॅकेज गेल्यावर विंडोजची फायरवॉल पुन्हा कामावर आली आणि तिने आपल्या नोंदवहीत लिहिलेले पाळायला सुरुवात केली. इथे अनइन्स्टॉलरचा पहिला दोष नोंदवतो: कोणत्या नेटवर्कवर विश्वास ठेवला होता आणि कोणत्या प्रोग्रामना परवानगी दिली होती याची यादी जाता जाता दाखवणे त्याला अवघड नव्हते. ही माहिती त्याच्याजवळच होती आणि त्याने ती मुकाट्याने पुसली.

प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ केले, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल शेअरिंग सुरू केले. आता लॅपटॉपवरून संगणकाचा आकडी पत्ता टाइप केला की सामायिक फोल्डर उघडू लागला. मात्र संगणकाचे नाव टाइप केले तर उघडत नव्हता, ‘नेटवर्क’च्या यादीतही तो दिसत नव्हता आणि टीव्हीलाही सापडत नव्हता. या टप्प्यावर अनेक जण एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीची, पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नये. ही आवृत्ती २०१७ साली आलेल्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर बसवली जात नाही, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीमधल्या दोषाचा फायदा घेऊन. सुरक्षा-पॅकेज काढलेल्या दिवशीच ते दार उघडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे आहे. शिवाय त्याने काम होण्याची शक्यताही कमी असते, कारण आजच्या विंडोजमध्ये ‘नेटवर्क’ची यादी एसएमबीतून भरत नाही. नेटवर्कवरची उपकरणे शोधणाऱ्या फंक्शन डिस्कव्हरीच्या दोन सेवा आणि यूडीपी पोर्ट ३७०२ (यूडीपी ही निरोप पाठवण्याची एक पद्धत, पोर्ट म्हणजे निरोपांसाठीचे क्रमांकित दार) यांवर तिचे काम चालते. त्या सेवा मी तपासल्या. त्या चालू होत्या.

पत्ता टाइप केला की फोल्डर उघडतो, पण नाव ओळखले जात नाही, यादीत काही येत नाही, टीव्हीला सर्व्हर दिसत नाही, या लक्षणांत एक समान धागा आहे आणि तो लक्षात यायला मला दोन दिवस लागले. ज्या ज्या गोष्टी बंद होत्या त्या सगळ्या मल्टिकास्टवर, म्हणजे एकाच वेळी अनेकांना दिलेल्या हाकेवर, चालणाऱ्या होत्या. टीव्ही सर्व्हर शोधतो तेव्हा तो कोणा एकाचे दार वाजवत नाही, २३९.२५५.२५५.२५० या ठरलेल्या पत्त्यावर, यूडीपी पोर्ट १९०० वर, ‘इथे कोणी मीडिया सर्व्हर आहे का’ अशी चौकात उभे राहून दवंडी देतो आणि जो सर्व्हर असेल तो थेट टीव्हीला उत्तर पाठवतो. नाव शोधण्याची आणि यादी भरण्याची पद्धतही याच जातीची आहे. म्हणजे थेट नावानिशी आलेला निरोप संगणक स्वीकारत होता, पण दवंडी त्याच्या कानापर्यंत जात नव्हती.

दवंडी संगणकापर्यंत येते तरी का, हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या वायरशार्क या प्रोग्रामने पाहिले. टीव्हीची विचारणा नेटवर्क कार्डापर्यंत नियमित येत होती. उत्तर मात्र एकदाही बाहेर पडत नव्हते. मग केवळ मिनिटभर, चाचणीपुरती, विंडोजची फायरवॉल तिन्ही प्रोफाइलमध्ये बंद करून पाहिली. तरी उत्तर नाही. सगळ्या खटपटीत सर्वांत उपयोगी ठरलेली चाचणी हीच, कारण विंडोजची फायरवॉल बंद असतानाही निरोप अडतो याचा अर्थ अडवणारा दुसराच कोणी आहे. ही चाचणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात: फायरवॉल सेटिंगमधून बंद करावी, तिची सेवाच थांबवू नये, आणि चाचणी संपताच ती पुन्हा चालू करावी. फायरवॉल बंद ठेवून ‘सुटला प्रश्न’ म्हणणाऱ्यांचा प्रश्न सुटलेला नसतो.

दुसरा अडवणारा कोण, हे शोधायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश डब्ल्यूएफपी शो फिल्टर्स’ ही आज्ञा दिली. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोजमध्ये नेटवर्कच्या गाळणीची एक सामायिक व्यवस्था आहे. विंडोजची स्वतःची फायरवॉल तिच्यावरच उभी आहे आणि बाहेरची सुरक्षा-पॅकेजेसही आपापले फिल्टर तिथे नोंदवू शकतात. त्या आज्ञेने या सगळ्या फिल्टरांची एक लांबलचक फाइल तयार झाली. तिच्यात काढून टाकलेल्या पॅकेजच्या कंपनीचे नाव शोधले आणि ते ठिकठिकाणी सापडले. जे फिल्टर कायमस्वरूपी म्हणून नोंदवले जातात ते संगणक बंद-चालू केल्याने जात नाहीत. नोंदवणाऱ्यानेच ते काढावे लागतात. त्यातले काही फिल्टर स्वतः निर्णय घेत नाहीत, निर्णयासाठी कंपनीच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या तिच्या प्रोग्रामकडे, बोट दाखवतात. अनइन्स्टॉलरने ड्रायव्हर नेला आणि फिल्टर मागे ठेवले. अशा वेळी विचारायला कोणीच नसल्यामुळे, निर्णय ड्रायव्हरवर सोपवलेल्या फिल्टरचा अर्थ विंडोज ‘अडवा’ असाच लावते. भाडेकरूने खोली रिकामी करावी आणि दाराला कुलूप घालून किल्ली सोबत न्यावी, तसा हा प्रकार आहे.

नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्येही कंपनीच्या नावाची एक नोंद टिक केलेली होती. ती टिक काढली, फरक पडला नाही, कारण अडवणारे त्याच्या वरच्या थरात बसले होते. तरीही ज्यांना हा सगळा व्याप नको असेल त्यांनी सुरुवात इथूनच करावी. ही नोंद उघड्या डोळ्यांना दिसते, आणि ती उरली असेल तर अनइन्स्टॉलर अर्धवट पळाला आहे एवढे तरी निश्चित कळते.

कंपनीच्या ग्राहक-सेवेने सुचवलेला पहिला उपाय असा होता की, पॅकेज पुन्हा बसवावे आणि पुन्हा काढावे. ऐकायला हे थट्टेसारखे वाटते, पण ते अगदीच अडाणी नाही. पुन्हा बसवताना तुटलेल्या नोंदी पूर्ण होतात आणि नंतर त्या नीट निघू शकतात. माझ्याजवळ चालू वर्गणी नसल्याने तो मार्ग खुंटला. दुसऱ्या पत्रात त्यांनी समूळ काढण्याच्या स्वतंत्र साधनाचा दुवा दिला. अनेक सुरक्षा-कंपन्यांचे असे साधन असते, आणि या कंपनीचे साधन खरे सांगायचे तर उत्तम आहे. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच प्रोग्रामांसह सुरू करून, चालवले, दोनदा संगणक पुन्हा सुरू झाला, कार्डावरची नोंद गेली, फिल्टरांची फाइल पुन्हा काढली तर तिच्यात कंपनीचे नाव औषधालाही उरले नव्हते. टीव्हीवर सर्व्हर दिसू लागला. जे काम हे साधन करते ते अनइन्स्टॉलर का करत नाही, आणि करत नसेल तर शेवटच्या खिडकीत प्रश्नावलीऐवजी या साधनाचा दुवा का देत नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. म्हणून साधनाला पाचपैकी चार गुण देतो आणि अनइन्स्टॉलरला एक, तोही त्याने इंटरनेट चालू ठेवले म्हणून.

टीव्हीवर सर्व्हरचे नाव आले तरी आतले काही उघडत नव्हते. मीडिया स्ट्रीमिंगच्या पर्यायांत टीव्हीच्या नावापुढे ‘ब्लॉक्ड’ होते, ते ‘अलाउड’ केले. दिसणे आणि चालणे या डीएलएनएमध्ये दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दिसण्यासाठी यूडीपी १९०० लागते, तर विंडोजच्या सर्व्हरवरून प्रत्यक्ष चित्रफीत टीसीपी या दुसऱ्या पद्धतीच्या पोर्ट १०२४३ वरून येते.

जेलीफिनचा दोष मात्र माझा स्वतःचा होता, आणि तो कबूल केल्याशिवाय कंपनीवर एवढे लिहिणे बरे नाही. पॅकेज काढल्यावर जेलीफिन प्रथम सुरू झाले तेव्हा विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारली होती आणि मी घाईत ‘कॅन्सल’ दाबले होते. ‘कॅन्सल’ म्हणजे ‘नंतर विचार’ असा माझा समज. विंडोज मात्र त्याचा अर्थ ‘अडवा’ असा घेते आणि त्या प्रोग्रामसाठी टीसीपी व यूडीपीचे दोन मनाई-नियम गुपचूप तयार करते. नंतर मी पोर्ट ८०९६ उघडण्याचा नियम हाताने लिहिला, नीट लिहिला, आणि तो काही केल्या चालेना. कारण या फायरवॉलमध्ये परवानगी आणि मनाई दोन्ही लागू होत असतील तर मनाई जिंकते. फायरवॉलच्या प्रगत खिडकीत येणाऱ्या जोडण्यांच्या यादीत जेलीफिनच्या नावापुढे लाल खूण असलेले ते दोन नियम पुसले आणि फोनवर सारे सुरळीत झाले. पॅकेज असताना हा प्रश्न त्याच्याच फायरवॉलने विचारला होता आणि मी ‘हो’ म्हटले होते. ते ‘हो’ पॅकेजबरोबरच गेले.

सगळ्यात शेवटी करण्याचा उपाय म्हणून ‘नेटवर्क रीसेट’चे नाव घेतले जाते. मला तो करावा लागला नाही. करणाऱ्यांनी आधी एवढे जाणून घ्यावे की, त्यात नेटवर्क कार्डे काढून पुन्हा बसवली जातात, व्हीपीएनसारखे प्रोग्राम पुन्हा मांडावे लागतात आणि ओळखीच्या नेटवर्कांचे प्रोफाइल ‘पब्लिक’ होऊ शकते, म्हणजे वरच्या तीन कारणांपैकी पहिले नव्याने उभे राहते.

आता आठवडा झाला, तिन्ही वाटा चालू आहेत. एक गोष्ट उरली आहे: संगणक झोपेतून उठल्यावर टीव्हीला सर्व्हर लगेच दिसतोच असे नाही, आणि अचानक बंद केलेला सर्व्हर टीव्हीच्या यादीत काही काळ रेंगाळतो. याचा दोष गेलेल्या पॅकेजवर टाकण्याचा मोह होतो, पण सर्व्हरने दिलेली ‘मी आहे’ ही वर्दी किमान १८०० सेकंद ग्राह्य धरावी, अशीच डीएलएनए ज्या मानकावर उभे आहे त्या यूपीएनपीची शिफारस आहे. टीव्हीच्या मेन्यूतून स्रोतांची यादी ताजी केली की काम होते.