एमजीबी रोडस्टर की लान्सिया स्ट्रॅटोस: घेण्याआधी काय बघाल

1962 ते 1980 या काळात एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, बंद छपराची जीटी धरून, पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. इटालियन रॅली कार स्ट्रॅटोस पाचशेसुद्धा नाहीत. रॅलीच्या ग्रुप 4 या गटात उतरायला लागतील तेवढ्या लान्सियाने बांधल्या आणि 1974 ते 1976 सलग तीन जागतिक विजेतेपदं खिशात घातली. एकीचे पार्ट कॅटलॉगमधून मागवता येतात, दुसरीचे शोधत फिरावे लागतात. निवड करताना हा फरक वेगापेक्षा महत्त्वाचा.

एमजीबीचं बॉनेट शेवटी उघडा. तिला वेगळी चासी नाही, वर पक्कं छप्पर नाही. सगळा भार दारांखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीवर. गाडी जॅकवर घ्या आणि दार उघडून लावून बघा. अडकलं, तर शेल, म्हणजे बॉडीचा ढाचा, वाकतंय. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारणं ही जुनी चलाखी, म्हणून खाली वाकून आतला पत्राही ठोकून बघावा. दुरुस्तीत दाराच्या चौकटीला आधी आडवा आधार वेल्ड करायचा, मगच जुनं सिल कापायचं. हे टाळलं की शेल मध्ये खचतं आणि पुढे कितीही बिजागऱ्या हलवा, दार जुळत नाही.

1798 सीसीचं इंजिन मात्र दणकट. 1964च्या अखेरीस क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली. शक्यतो तीच घ्यावी. दोन एसयू कार्ब्युरेटरचं पेट्रोल-हवेचं मिश्रण घरी तपासता येतं: इंजिन गरम असताना कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम चढून तिथेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागलं तर कमी. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नट एका वेळी एकच पैलू फिरवा. तरीही आयडलिंग स्थिर होत नसेल, तर थ्रॉटल स्पिंडल, म्हणजे हवेची झडप फिरवणारी दांडी, झिजून हवा ओढतंय. नट फिरवत बसण्यात अर्थ नाही. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना दर पाचेक हजार किलोमीटरला ग्रीस हवं, तेही चाक अधांतरी ठेवून. भार असताना ग्रीस आत पोचतच नाही.

स्ट्रॅटोसमध्ये फेरारीच्या डिनोचं 2418 सीसी व्ही6 पाठीमागे आडवं बसलंय: 190 हॉर्सपॉवर, वजन टनाच्या आसपास आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) फक्त 2180 मिलिमीटर. वळणात गडबडून अॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू झपकन फिरते. घाटरस्त्यावर स्टिअरिंगला मिळणारा प्रतिसाद अफलातून, पण केबिन तापते आणि मागचं जवळपास काही दिसत नाही. दाराच्या आतल्या कप्प्यात हेल्मेट मावतं, म्हणजे गाडी कुणासाठी होती ते कळलंच. तीन वेबर कार्ब्युरेटर म्हणजे हवा घेणारे सहा घसे. सगळ्यांची हवा गेजवर सारखी जुळवली नाही, तर कमी आरपीएमला गाडी धक्के देते. फायबरच्या पुढच्या-मागच्या भागांत बिजागरीच्या टेकांभोवती तडे शोधा. मधला सांगाडा पोलादी आहे, तिथे गंजही.

नकला भरपूर आहेत, काही खूप चांगल्याही. अनेकांत अल्फा रोमिओचं, सिलिंडरच्या दोन रांगांत 60 अंशांचा कोन असलेलं व्ही6 असतं. डिनोचं 65 अंशांचं. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून बघा. मेळ बसला नाही, तर गाडी कितीही देखणी असो, भाव नकलेचाच लावा.

दर आठवड्याला चालवायची असेल तर 1965 ते 67ची, क्रोम बंपरची एमजीबी. तिच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी सोय) नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका.