बुझुकी: तीन जोड्यांचं की चार जोड्यांचं?

ग्रीक बुझुकी, म्हणजे लांब मानेचं तंतुवाद्य, म्हटलं की दोन प्रकार समोर येतात. जुनं म्हणजे तारांच्या तीन जोड्यांचं, सहा तारा, ट्यूनिंग पाश्चात्त्य नावांनी रे-ला-रे (D-A-D). १९२२ नंतर आशिया मायनरमधून (आजच्या तुर्कस्तानातून) ग्रीसमध्ये निर्वासितांचे लोंढे आले, अथेन्सजवळच्या पिरेअसच्या बंदरावर हशीशच्या अड्ड्यांत रेबेटिको हे शहरी लोकसंगीत रंगायला लागलं आणि मार्कोस वामवाकारिससारख्या वादकांनी ३० च्या दशकात हेच वाद्य रेकॉर्डवर आणलं. हुकूमशहा मेटाक्सासच्या राजवटीत गाण्यांवर सेन्सॉर बसला तरी वाद्य काही गप्प बसलं नाही.

चार जोड्यांचं मात्र ५० च्या दशकातलं, वादक मानोलिस हियोटिसनं लोकप्रिय केलं. आठ तारा, ट्यूनिंग सा-रे-ग-म वाल्यांना गोंधळात टाकणारं, पण थोडक्यात गिटारच्या उंच स्वरांच्या चार तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवायच्या, झालं. त्यामुळे गिटारवाल्यांची बोटं लगेच बसतात, कॉर्ड भरगच्च वाजतात, फास्ट सोलो पण सोपे पडतात.

मग तीनवालं कशाला घ्यायचं? तर त्यात रेच्या मोकळ्या तारा सतत घुमत राहतात, जवळजवळ तंबोऱ्यासारख्या, आणि 'द्रोमी' म्हणजे त्यांचे हिजाझ, रास्त वगैरे स्वरमार्ग त्या घुमण्यावर जे खुलतात ना, ते चारवाल्यावर कॉर्डच्या गर्दीत हरवतात असं माझं मत, भांडा हवं तर.

नाइटक्लबची चकचकीत लाइका (ग्रीक लोकप्रिय) गाणी वाजवायची तर चारवालं घ्या, झेइबेकिको नाचाची जड संथ चाल हवी असेल तर तीनवालंच.