काम नाही, पगार चालू: थांबायचं, आतल्या आत हलायचं की बाहेर पडायचं?

पुण्यात हिंजवडीत किंवा खराडीत आयटीत नोकरी करणारा कुणी म्हणाला की ऑफिसात मला कामच नाहीये, तर घरचे काय आणि मित्र काय, एकच म्हणतात: "मजा आहे की! बसून पगार मिळतोय." ज्याच्यावर ही वेळ आली आहे तो मात्र रोज संध्याकाळी थकून घरी येतो. त्याचं दुखणं खरं आहे. मारी याहोदा या अभ्यासिकेने १९३०च्या दशकात ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावातली बेकारी जवळून पाहिली. नोकरी पगाराशिवाय आणखी काय देते, ते तिने पुढे मांडलं: दिवसाला आखणी, माणसांचा सहवास, समाजात ओळख, चार जणांच्या कामात आपला वाटा आणि हाताला उद्योग. रिकाम्या नोकरीत पहिल्या तीन गोष्टी कशाबशा टिकतात, शेवटच्या दोन जातात. वर आपण जागेवर आहोत हे दाखवणारा, टीम्स या ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवरचा हिरवा ठिपका दिवसभर जपावा लागतो. हा आराम नव्हे.

पण निर्णय घेण्याआधी आपला रिकामपणा कोणत्या जातीचा आहे ते ओळखायला हवं. प्रोजेक्ट संपलं, दुसरं मिळालं नाही, तो बेंच. क्लायंटकडे बिलिंग चालू आहे, म्हणजे तुमच्या वेळेचे पैसे तो कंपनीला देतोय, पण काम नाही, हा दुसरा प्रकार. आणि तिसरा म्हणजे काम हळूहळू काढून घेऊन बाजूला बसवणं. तिन्हींचं उत्तर वेगळं आहे.

थांबण्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा पैशाचा. गृहकर्जाचा हप्ता, पीएफ, आईवडिलांसकट घेतलेला मेडिक्लेम. कंपनीचा विमा सुटला आणि स्वतःचा नवा घेतला, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरात मधुमेह किंवा हृदयरोग असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. ग्रॅच्युइटीला साधारणपणे सलग पाच वर्षं लागतात. तुमची साडेचार झाली असतील तर उरलेले महिने काढणं शहाणपणाचं आहे.

मात्र बेंचवर थांबणं पूर्णपणे आपल्या हातात नसतं. टीसीएसने जून २०२५ पासून वर्षाला किमान २२५ दिवस बिलिंग आणि जास्तीत जास्त ३५ दिवस बेंच असा नियम केला. इतर ठिकाणी नियम लेखी नसेल, पण आरएमजीकडे, म्हणजे प्रोजेक्टवर माणसं नेमणाऱ्या विभागाकडे, प्रत्येकाचे दिवस मोजले जातात.

थांबायचंच असेल तर तारखेला बांधून थांबा. त्या मुदतीत काहीतरी शिका, पुण्यात त्यासाठी जागा आहेत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, जर्मन, फ्रेंच शिकता येतं, बोट क्लब रोडवर मॅक्समुल्लर भवन आहे. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, म्हणजे पुढची तारीख आपोआप ठरते. तांत्रिक काही शिकणार असाल तर चालवून दाखवता येईल असं काहीतरी बनवा. कंपनीच्या पोर्टलवरचे लर्निंग अवर्स भरून मुलाखतीत फारसा उपयोग होत नाही. आणि रिकाम्या वेळात गुपचूप दुसरी नोकरी करू नका. विप्रोने २०२२ मध्ये याच कारणावरून ३०० जणांना काढलं होतं.

आतल्या आत हलणं हा मला सगळ्यात स्वस्त मार्ग वाटतो, आणि लोक तो सगळ्यात कमी वापरतात. नोकरीची सलगता टिकते, नोटीस द्यावी लागत नाही, मेडिक्लेम तसाच राहतो. बेंचवर असाल तर आयजेपी, म्हणजे कंपनीतल्याच रिकाम्या जागांच्या जाहिराती, बघत राहा आणि आरएमजीच्या फोनची वाट न पाहता स्वतः प्रोजेक्ट मॅनेजरांशी बोला. एक अडचण येते: चेन्नई किंवा कोलकात्याच्या प्रोजेक्टवरचं अलोकेशन (नेमणूक) पुढे येतं, आणि नकार दिला तर तो नोंदला जातो. घरची परिस्थिती सांगायची असेल तर ती आधीच, लेखी सांगा.

खरा पेच बिलिंग चालू असलेल्यांचा आहे. तुमच्या नावावर पैसे येत असतात, त्यामुळे मॅनेजर रिलीज देत नाही, म्हणजे प्रोजेक्टमधून मोकळं करत नाही. कुणी ओरडत नाही, कुणी काढतही नाही, आणि वर्ष निघून जातं. या अवस्थेची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण बाहेर ढकलणारं कुणीच नसतं. रिलीजची मागणी ईमेलने करा, तारीख मागा. ती तारीख दोनदा पुढे गेली तर बाहेरची तयारी सुरू करा.

बाहेर पडताना आडवा येतो नोटीस पिरियड. नव्वद दिवस म्हटलं की रिक्रूटर फोन ठेवतो. राजीनामा टाकून नोकरी डॉट कॉमवर 'सर्व्हिंग नोटीस' लिहिलं की फोन सुरू होतात, म्हणून हातात ऑफर नसताना राजीनामा द्यायचा मोह होतो. हप्ता चालू असेल तर तसं करू नका. आपल्याकडे बेकारीत आधार देणारी ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) योजना आहे, पण ईएसआयसीत येण्यासाठी महिन्याच्या पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे, त्यामुळे आयटीतले बहुतेक जण तिच्याबाहेर राहतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे आणि कर्ज नाही, अशांनी मात्र हा धोका पत्करायला माझी हरकत नाही. मुलाखतीत "सध्या काय करता?" विचारतील. शेवटचं खरं काम कोणतं आणि त्यानंतर स्वतः काय उभं केलं, एवढंच सरळ सांगा. रिकामं वर्ष लपवू नका, पुढचे दोन प्रश्न ते उघडं पाडतात.

बाजूला बसवलेल्यांसाठी घाई हाच मोठा धोका आहे. रागाने दिलेला राजीनामा समोरच्याला हवाच असतो. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याला दीर्घकाळ कामाविना ठेवणं हा छळच मानला होता. आपल्याकडे त्या भरवशावर बसता येणार नाही, पण कागद कामी येतो. दर पंधरवड्याला "मी उपलब्ध आहे, कोणतं काम घेऊ?" असा साधा मेल करा, उत्तर येवो न येवो. उद्या पीआयपी (कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली मुदत) लावून "यांनी काही केलंच नाही" असं लिहिलं गेलं, तर एचआरसमोर ठेवायला तेच मेल असतील. दरम्यान बाहेरच्या मुलाखती चालू ठेवा, आणि ऑफर लेटर हातात आल्यावरच राजीनामा द्या.